मी शे आठे

जगात पाहण्यासारखं म्हणून जे काही आहे, त्या सगळ्याच्या दारापर्यंत जाऊन काहीही न पाहता परत आलेला माणूस अख्ख्या खानदेशात एकच, आणि तो म्हणजे आमचे थोरले साडू. सप्तशृंगीच्या गडावर ते दर चैत्रात जात, पण देवीला अठरा हात आहेत हे त्यांना कॅलेंडरवरून ठाऊक. सारंगखेड्याच्या यात्रेला घोडे पाहायला म्हणून गेले आणि टापा ऐकून आले. आग्र्याला ताजमहालाच्या फाटकाबाहेर आमच्या सगळ्यांच्या पिशव्या घेऊन बसले होते, परत आल्यावर मी थट्टेनं विचारलं, "काय नाना, कसा वाटला ताजमहाल?" तर म्हणाले, "सावली चांगली व्हती." कारण कुठेही गेलं की कोणीतरी सामानापाशी, चपलांपाशी थांबायला लागतं, आणि ते कोणीतरी म्हणजे आपणच, हे त्यांनी बहुधा पाळण्यातच ठरवून टाकलं असावं. कोणी काही म्हणायच्या आत ते खांद्यावरचा पंचा झटकत, बैठक मारत आणि सांगत, "तुम्ही जा. मी शे आठे." मी आहे इथे. त्यांच्या पिंपळनेरकडच्या अहिराणीत हे शब्द असे काही ठाम उतरत की पुढे बोलायची सोय नसे.

धुळ्यात त्यांचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान होतं. त्या दुकानात ट्रॅक्टरच्या भागांपेक्षा लोकांनी 'जरा ध्यान ठेवा नाना' म्हणून ठेवलेल्या वस्तूच जास्त असत. छत्र्या, डबे, सायकली, एकदा तर नवरदेवाचा फेटा. नरडाण्याच्या स्टेशनवर कोणी एक अनोळखी गृहस्थ आपली गाठोडी यांच्या हवाली करून चहाला गेला. गाडी आली, गाडी गेली, हे आपले गाठोड्यांपाशी. आम्ही गाडीतून हाका मारतोय आणि हे आम्हालाच हात हलवून निरोप देताहेत. दुसऱ्या दिवशी भेटल्यावर मी चिडलो, तर म्हणाले, "माणूस भरोसा ठेईसन गया. आपन चाली जावानं का?" पहूरला सख्ख्या पुतणीच्या लग्नात अक्षता पडत असताना हे वधूकडच्या खोलीत दागिन्यांच्या डब्यापाशी बसून तिथूनच भिंतीवर अक्षता टाकत होते. स्वतःच्या लग्नात बोहल्यावर उभं राहण्यावाचून इलाज नव्हता म्हणून, नाहीतर तिथेही त्यांनी दुसरा कोणी उभा केला असता, असं मी नेहमी म्हणायचो. सगळे हसायचे. अक्का तेवढी हसायची नाही.

अक्का म्हणजे त्यांची बायको, माझ्या बायकोची थोरली बहीण. तिनं सगळं पाहिलं होतं, आणि सगळं एकटीनं. देवळातून आली की ती नानांच्या कपाळाला अंगारा लावायची आणि आत काय काय होतं ते सांगत बसायची. तेही मान डोलावून ऐकायचे. एकदा भरताची वांगी भाजणं चाललं होतं तेव्हा ती मला म्हणाली, "भाऊ, देवी देखी, ताजमहाल देखा, बठ्ठं देखं. पन बाजूले कोनी नही. देखीसन कोनाकडे पाहावं?" मी काहीतरी विनोद करून वेळ मारून नेली. पण त्यानंतर कुठेही निघालो की माझं लक्ष अक्काकडे जायचं. ती आत शिरताना एकदा मागे वळून बघायची, नाना हात हलवायचे, आणि मग ती पुढे व्हायची.

तर अशा माणसाला त्यांच्या मुलानं अंदमानातल्या एका बेटावर नेलं. मुलगा पुण्याला नोकरीत. तिथल्या लोकांना सुट्टीतही घाम गाळल्याशिवाय विश्रांती घेतल्यासारखं वाटत नाही. जागा निवडली तीही अशी, की तिथे पडून राहायला मनाई असावी. पहाटे योगासनं, मग पोहणं, मग पाण्याखालचे मासे बघणं, दुपारी वल्ही मारणं आणि संध्याकाळी शिडाच्या होड्या. आम्ही दोन्ही घरं मिळून गेलो. माझ्या पोटावर फुगीर जाकिटाचे बंद काही केल्या लागेनात, तेव्हा तिथल्या नावाड्यानं आणखी एक पट्टा जोडून दिला. अक्कानं सहावारीवरच जाकीट चढवलं, पदर खोचला आणि नातवाच्या आधी पाण्यात उतरली. आणि नाना? नानांनी किनाऱ्यावर पंचा झटकला.

तिथे सामान ठेवायला कुलुपाची कपाटं होती. मुलानं किल्ली हातात दिली, तर ते म्हणाले, "आनि त्या कपाटले कोन ध्यान ठेवी?" मग आमच्या चपला त्यांनी वयानुसार ओळीनं मांडल्या आणि शेजारी बसले. भरती चढू लागली की ओळ हातभर मागे घेत, ओहोटी लागली की पुन्हा पुढे. एका सकाळी कुठल्याशा परदेशी पाहुण्यांचे जोडेही त्या ओळीत येऊन बसलेले मी पाहिले. मी वैतागून म्हटलं, "नाना, इथे तुमच्या त्या झिजलेल्या चपला कोण चोरणार आहे?" त्यांनी ओळीतली एक चप्पल सरळ केली. मग म्हणाले, "चोरस कोन भाऊ? पन गयेल माणूसले परत येवाले ठिकान पाहिजे. दूरथीन आपला माणूस बशेल दिसस, म्हंजे समजस, आठेच उतरानं शे."

इतक्या वर्षांत हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं आणि आम्ही कधी विचारलंही नव्हतं. मला एकदम नरडाण्याचं स्टेशन आठवलं, पुतणीचं लग्न आठवलं.

शेवटच्या संध्याकाळी शिडाच्या होडीतून बेटाला फेरी मारायची होती. होडी लहान, नावाडी आणि आणखी दोन माणसं, बस्स. मुलगा-सून जाऊन आले, मी आणि ही जाऊन आलो. अक्काची पाळी आली. ती होडीपाशी गेली, सवयीनं मागे वळली. नानांनी सवयीनं हात हलवला. पण या वेळी ती पुढे गेलीच नाही. गुडघाभर पाण्यात तशीच उभी राहिली. नावाडी शीड धरून थांबला होता, पाणी होडीला ढकलत होतं, आणि अक्का नानांकडे बघत होती. ती आता रडेल असं मला वाटलं आणि मी जाऊन नानांच्या शेजारी बसकण मारली. म्हटलं, "नाना, तुम्ही जा. मी शे आठे."

माझी अहिराणी ऐकून एरवी ते पोट धरून हसले असते. या वेळी त्यांनी मला नीट न्याहाळलं, एखाद्या गिऱ्हाइकाच्या हाती दुकान सोपवावं तसं. म्हणाले, "उठशी नही ना?" आयुष्यात पहिल्यांदाच ते माझ्याशी एकेरीत बोलले होते. मी म्हटलं, "नाही उठणार." मग ते धोतर सावरत पाण्यात उतरले. अक्कानं हात पुढे केला.

शीड वाऱ्यानं भरलं आणि होडी निघाली. नाना होडीत उलटे बसले होते, म्हणजे त्यांचं तोंड माझ्याकडे. समुद्र सोडून माणूस माझ्याकडे बघतोय. मी हात हलवला. बराच वेळ ते तसेच बघत राहिले, आणि मग हळूहळू पलीकडे वळले. त्यानंतर पांढरं शीड तेवढं दिसत होतं, तेही लहान होत चाललं होतं. किनाऱ्यावर बसून आपली माणसं लांब जाताना बघणं काय असतं ते मला तेव्हा कळलं. ती परत येणार हे पक्कं ठाऊक असूनही जीव नुसता तिकडे ओढला जात होता. हा माणूस जन्मभर हे कसं करत आला?

या विचारात भरती चढलेली मला कळली नाही. होडी परत आली, दोघं उतरले. नानांचे डोळे लाल झाले होते. खाऱ्या वाऱ्यानं असतील. त्यांनी ओळीवरून नजर फिरवली आणि म्हणाले, "भाऊ, एक कमी शे." अक्काची डाव्या पायाची चप्पल लाटेनं नेली होती. मी ओशाळलो. अक्का मात्र इतकी हसली की तिला वाळूत बसावं लागलं. नाना गंभीरपणे म्हणाले, "समुद्र कोनी चीज ठेवस नही. आनीसन देई." नंतर मी अक्काला हळूच विचारलं, होडीत काय बोलले? ती म्हणाली, "काहीच नही. 'समुद्र भू मोठा शे' म्हने. मंग मना हात धरीसन बसनात." हे सांगताना साठी उलटलेली ती बाई लाजली होती.

उरलेली एक चप्पल नानांनी धुळ्याला आणली आणि उंबऱ्याशी ठेवली. समुद्र ती दुसरी धुळ्यापर्यंत कशी आणून देणार, यावर आम्ही पुढे कितीतरी दिवस त्यांना छळलं. पुढच्या वर्षी पुन्हा जायचं असं अक्काच्या मनात होतं. मला सांगूनही ठेवलं होतं तिनं, "भाऊ, चपलापाशी बसानं तुम्हीच."

गेल्या हिवाळ्यात अक्का गेली. साधा ताप म्हणता म्हणता गेली. मुलानं नानांना पुण्याला चला म्हणून खूप विनवलं, मीही आमच्याकडे जळगावला चला म्हटलं. ते कुणाकडेच आले नाहीत. आता महिन्यातून एकदा मी धुळ्याला जातो. आम्ही दोघं ओट्यावर बसतो, चहा होतो, जुन्या गमती निघतात. त्यांची थट्टा करायला मला अजून आवडतं, पण जेवढी करायचो तेवढी होत नाही.

परवा निघताना पुन्हा एकदा विचारून पाहिलं. म्हटलं, "नाना, इथे एकटे बसून काय करता? चला ना माझ्याबरोबर." ते खाली बघत होते. उंबऱ्याशी ती एक चप्पल होती, पुसून स्वच्छ केलेली. त्यांनी ती बोटभर आत सरकवली, वाटेत कुणाचा पाय लागू नये म्हणून, आणि खांद्यावरचा पंचा झटकून ओट्यावर बसले.

"तुम्ही जा भाऊ," ते म्हणाले. "मी शे आठे."