ज्योत्स्नानं सील तोडलं

ओतूरच्या एसटी स्टँडसमोर गाळ्यांची एक ओळ आहे. त्यात माझं वह्या-पुस्तकांचं दुकान आणि त्याला लागूनच ज्योत्स्नाचं 'समृद्धी डीटीपी'. समृद्धी हे तिच्या मुलीचं नाव. लग्नपत्रिका, दशक्रियेची कार्डं, निवडणुकीची पत्रकं, कॉलेजच्या पोरांचे प्रोजेक्ट, सगळं तिच्याकडं टाइप व्हायचं. मधली भिंत इतकी पातळ, की तिचा प्रिंटर सुरू झाला की माझ्या फळीवरच्या कंपासपेट्या थरथरायच्या.

ज्योत्स्ना मूळची पारगावची. वडील साखर कारखान्यात काट्यावर होते. ती शाळेत असताना त्यांचा डबा घेऊन जायची, आणि तिथंच तिनं पहिल्यांदा कॉम्प्युटर पाहिला. उसाची गाडी काट्यावर चढली, की पडद्यावर हिरवे आकडे उमटायचे आणि कर्र कर्र करत पावती बाहेर यायची. ती डबा हातात घेऊन दारातच उभी राहायची. वडील म्हणायचे, "लांबून बघ, पोरी. हात लावू नको."

पुढं टायपिंग शिकायला गेली तर तिथल्या सरांनी तेच सांगितलं. मंचरला डीटीपीच्या दुकानात नोकरी धरली तर मालक म्हणाला, तू फक्त टाइप कर, बाकी काही छेडू नको. लग्न होऊन पिंपरी पेंढारला आली. नवरा समाधान पिकअप चालवायचा, कांदा-टोमॅटोच्या भाड्यावर. त्यानं तिची हौस ओळखली आणि २००३ च्या उन्हाळ्याआधी पुण्यातून स्वतःचा कॉम्प्युटर आणून दिला. पण दुकानदारानं कॉम्प्युटरच्या डब्याच्या, म्हणजे सीपीयूच्या, मागं एक चकचकीत कागद चिकटवून दिला होता. 'हे सील तोडल्यास वॉरंटी रद्द.' म्हणजे स्वतःच्या मशीनलासुद्धा लांबूनच बघायचं!

वर्षभर मशीन घोड्यासारखं पळालं. वॉरंटी संपली आणि आठवडाही झाला नाही, तोच ते बसलं.

त्या दिवशी सावळेरामनाना तिच्या दुकानात होते. नाना म्हणजे जवळच्या एका वाडीच्या यात्रा कमिटीचे कारभारी. यात्रेचं पत्रक करायचं होतं. वर देवाचा फोटो, खाली पालखी, बैलगाडा, कुस्त्या, तमाशा, आणि त्याखाली मानकऱ्यांची नावं. नाव मागंपुढं झालं तर वाडीत भांडण, म्हणून नाना खुर्ची लावून पडद्याकडं बघत बसले होते. दोन दिवस खपून ज्योत्स्नानं पत्रक जुळवलं होतं. आता फक्त बटर पेपरवर प्रिंट काढायची आणि समाधाननं ती छपाईसाठी नारायणगावच्या प्रेसला पोचवायची. दुसऱ्या दिवशी ओतूरचा बाजार. पत्रकं बाजारात वाटली तरच गावोगाव जाणार. वर भारनियमन. चार वाजता लाईट जायची, ती रात्रीच यायची.

ती प्रिंट देणार एवढ्यात पडदा काळा झाला.

पुन्हा चालू केलं. चालू झालं, आणि दोन-तीन मिनिटांत पुन्हा बंद. नाना खुर्चीतून उठले.

"आमचा टीवी बी असंच करतो," ते म्हणाले, आणि कुणी काही बोलायच्या आत त्यांनी डब्याच्या कुशीत दोन सणसणीत थापा मारल्या.

त्यानंतर मात्र मशीननं पडदा उजळायचंच सोडलं. आतला पंखा घुमायचा, आणि डब्यातून 'टूंऽऽ... टूंऽऽ...' असं कण्हल्यासारखं काहीतरी यायचं.

थापांचा आवाज ऐकून मीही तिच्या दुकानात आलो. ज्योत्स्नानं आधी बटण तपासलं. त्याच प्लगला टेबलफॅन लावला, तो फिरला. मॉनिटरची वायर डब्यापासून सोडवली, तर मॉनिटरवर 'सिग्नल नाही' अशा अर्थाची पाटी आली.

"म्हणजे मॉनिटर जिवंत आहे," ती म्हणाली. "दुखणं डब्यात आहे."

समोरच बहिरूचा एसटीडी बूथ होता. फोनच्या धंद्यात बसलेल्या माणसाचं नाव बहिरू, यावर स्टँडावर रोज एक तरी विनोद व्हायचा. तिथून तिनं पुण्याच्या दुकानदाराला फोन लावला. त्यानं ऐकून घेतलं आणि सांगितलं, "मॅडम, वॉरंटी संपली. मदरबोर्ड गेला असणार. आणून ठेवा, आठ-दहा दिवसांत बघतो."

"न बघता कसं कळलं तुम्हाला?"

"अनुभव असतो, मॅडम."

ती परत आली आणि फोनवरचं बोलणं सांगितलं. मला वाटलं, आता रडते की काय. ती डब्याच्या मागं जाऊन खाली बसली आणि त्या चकचकीत कागदाकडं बघत राहिली.

"सोपानभाऊ, वॉरंटी संपली."

"ऐकलं," मी म्हणालो. "लई वाईट झालं."

"वाईट कसलं? हे वाचा की. सील तोडल्यास वॉरंटी रद्द. आता रद्द व्हायला राहिलंय काय?" आणि ती चक्क हसली. "आता हा डबा माझा आहे!"

तिनं नखानं सील ओरबाडून काढलं. माझ्या दुकानातून स्क्रू-ड्रायव्हर नेला. प्लग काढला, चार स्क्रू फिरवले आणि डब्याची एक बाजू सरकवून बाहेर काढली. आम्ही तिघं डोकी लावून आत वाकलो. हिरवी पाटी, तिच्यावर बारीक बारीक गावं वसल्यासारखे भाग, वायरींचे जुडगे, आणि सगळ्यावर स्टँडाची लाल धूळ. ज्योत्स्नाच्या चेहऱ्याकडं पाहिलं तर ती पत्रक विसरून गेली होती.

"किती साधं आहे हो," ती पुटपुटली. "सगळं एकात एक बसवलंय."

"साधं आसंल तर कर की चालू," नाना म्हणाले. "चार वाजले म्हंजे संपलं समदं."

तेव्हा तिला अक्षदा आठवली. अक्षदा तिची मंचरची मैत्रीण, आता पुण्यात कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात लागलेली. ज्योत्स्ना पुन्हा बूथकडं पळाली, मागोमाग मी, माझ्यामागं नाना.

अक्षदा फोनवर भेटली. पहिलाच प्रश्न तिनं विचारला, "आवाज कसा येतो?"

"टूं... टूं..."

"अगं, लांब का आखूड? मधे किती थांबतो? सलग येतो का तुटक?"

ज्योत्स्नानं दोनदा आवाज काढून दाखवला. बूथमधली माणसं वळून बघायला लागली. पलीकडं अक्षदा हसत सुटली. "तुझ्या तोंडच्या आवाजावरून मी काय सांगू? मला मशीनचाच ऐकव."

ज्योत्स्नानं फोनच्या वायरकडं पाहिलं, रस्त्यापलीकडच्या दुकानाकडं पाहिलं. मग म्हणाली, "फोन ठेव. पाच मिनिटांत परत लावते. सोपानभाऊ, डबा उचला!"

भर दुपारी, उघड्या पोटाचा तो डबा मी आणि नाना दोन्ही बाजूंनी धरून रस्त्यातून निघालो. ज्योत्स्ना पुढं हात करून जीपा थांबवत होती. आळेफाट्याची गाडी स्टँडातून निघायच्या बेतात होती. ड्रायव्हरनं हॉर्न दिला, मग आम्हाला बघून इंजिनच बंद केलं. कंडक्टर खाली उतरून आमच्यामागं बूथवर आला. "काय आहे राव ह्याच्यात? बाँब-बिंब नाय ना?"

बहिरूनं आपला पंखा काढून प्लग मोकळा करून दिला. फोन लागला. ज्योत्स्नानं रिसीव्हर डब्याच्या पोटाशी धरला आणि ओरडली, "गप्प बसा समदे! आवाज करू नका!"

एसटीतली माणसं, रसवाला, केळीवाली, सगळी चिडीचूप. तिनं बटण दाबलं.

टूंऽऽऽ... टूंऽऽऽ... टूंऽऽऽ...

"रॅम!" रिसीव्हरमधून अक्षदा एवढ्यानं ओरडली, की मलासुद्धा ऐकू आलं. "मेमरीची पट्टी सैल झालीय. कुणी आपटला का गं डबा?"

ज्योत्स्नानं नानांकडं पाहिलं. नाना एसटीची पाटी वाचायला लागले.

अक्षदा सांगत गेली, ही करत गेली. आधी प्लग काढ. बोटाहून जरा लांब उभी पट्टी आहे, तिच्या दोन टोकांना पांढऱ्या कड्या. त्या दोन्ही बाहेर दाब. पट्टी वर येईल. तिची सोनेरी कड खोडरबरनं हलक्या हातानं पूस. मी धावत जाऊन दुकानातून कोरा खोडरबर आणला. ज्योत्स्नानं ती कड अशी पुसली, जशी आई तान्ह्या पोराचं नाक पुसते. पट्टी परत खाचेत ठेवून अंगठ्यांनी दाबली. कट्, कट्. दोन्ही कड्या आपोआप मिटल्या.

"आता लाव. एकच बारका आवाज आला पाहिजे."

प्लग लावला. बटण दाबलं.

टुक्.

एकच. पाखरानं चोच मारावी एवढासा.

"आलाऽऽ!" ज्योत्स्ना उडी मारायचीच बाकी होती. बूथभर टाळ्या पडल्या. कशाच्या ते कुणालाच नीट माहीत नव्हतं, तरी पडल्या. कंडक्टरनं घंटी मारल्यासारखा हात हलवला आणि गाडीकडं पळाला.

वरात परत दुकानात आली. मॉनिटर जोडला, पडदा उजळला, पत्रक उघडलं. देवाचा फोटो जागच्या जागी, मानकरी ओळीनं उभे. नानांनी हात जोडले. आणि ज्योत्स्नानं प्रिंटची आज्ञा देण्याआधीच पडदा पुन्हा काळा झाला.

नानांचा हात वर गेला.

"नाना, हात लावायचा नाय!" ज्योत्स्ना कडाडली. तिच्या तोंडून ते वाक्य निघालं आणि ती स्वतःच क्षणभर चमकली.

मी म्हणालो, "परत अक्षदाला लावू या का?"

"थांबा जरा." ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आधीही असंच झालं होतं. चालू होतं, दोन-तीन मिनिटं चालतं आणि मग बंद पडतं. पट्टी सैल झाली ती नंतर, नानांच्या थापेनं. म्हणजे मूळ दुखणं वेगळंच आहे. गार असताना चालतं. मग बंद का पडतं? तापतं म्हणून!"

तिनं मशीन थोडं गार होऊ दिलं, मग चालू केलं आणि या वेळी पडद्याकडं बघितलंच नाही. उघड्या डब्यात वाकली. मागचा मोठा पंखा घुमत होता. त्याचाच आवाज ऐकून आम्हाला सगळं ठीक वाटत होतं. पण आत, हिरव्या पाटीच्या मधोमध, सगळ्यात तापणाऱ्या भागावर एक छोटा पंखा होता. तो जागचा हलत नव्हता. कळ आल्यासारखा थोडा थरथरायचा आणि अडकायचा.

"हा बघा चोर!" तिनं मशीन बंद केलं. "सोपानभाऊ, टेलरकडनं शिलाई मशीनचं तेल आणा. पळा!"

मी असा पळालो, की गिऱ्हाईक दुकानात तसंच उभं. तेलाची कुपी आणली. तिनं ब्रशनं पंख्याच्या पात्यांतली धूळ काढली. मधला गोल कागद उचलला, तर खाली छोटासा आस, पार कोरडा. त्यावर एक थेंब. कागद परत दाबला. बोटानं पातं फिरवलं. आधी जड, मग हलकं, मग भिंगरी. वरून खबरदारी म्हणून उघड्या डब्यासमोर टेबलफॅन लावला.

मशीन चालू केलं. छोटा पंखा सुटला. दोन मिनिटं गेली, पाच गेली. ज्योत्स्नानं प्रिंट दिली. बटर पेपर सरसर बाहेर यायला लागला आणि माझ्या कंपासपेट्या थरथरल्या. तेवढ्यात बाहेर समाधानच्या पिकअपचा हॉर्न वाजला. शेवटचा कागद हातात आला, ती तो घेऊन रस्त्यावर धावली, आणि मागं दुकानात लाईट गेली.

"गेली का?" समाधाननं विचारलं.

"जाऊ द्या गेली तर!" ती म्हणाली. "अहो, मी उघडला तो! मी दुरुस्त केला!"

दुसऱ्या दिवशी बाजारात पत्रकं वाटली गेली. नाना मात्र प्रत्येकाला पत्रकाच्या आधी डब्याची गोष्ट सांगत होते. त्यात थापांचा उल्लेख नव्हता. त्यांच्याच तोंडून ती गोष्ट ओतूरभर, मग आळ्याला, उदापूरला, पार जुन्नरला पोचली. महिन्याभरात एका मास्तरांनी आपलं मशीन आणलं, मग पतसंस्थेनं. पुढच्या उन्हाळ्यात ज्योत्स्ना समृद्धीला आपल्या सासूकडं, अंजनाबाईंकडं ठेवून दोन महिने पुण्याला अक्षदाच्या खोलीवर राहिली आणि दुरुस्तीचं रीतसर शिकून आली. जाताना शेजारीण काही बोलली, तेव्हा अंजनाबाईंनी तिला सुनावलं म्हणे, "माझी सून डाक्तर व्हाया गेलीय. माणसांची न्हाई, मशीनींची."

मग दुकानाची पाटी बदलली. टाइपच्या कामाला एक मुलगी ठेवली, आणि ज्योत्स्नाचा सगळा दिवस उघड्या डब्यांमध्ये जायला लागला. शनिवारी कॉलेजच्या दोन-तीन पोरी शिकायला यायच्या. त्यांना ती पहिल्याच दिवशी स्क्रू-ड्रायव्हर देऊन सांगायची, "घाबरू नका. प्लग काढलाय, आता सगळ्याला हात लावून बघा."

२००८ की ०९ सालची गोष्ट. डोंगरकडच्या वस्तीवरच्या कुशाबाई एसटीतून उतरल्या. मांडीत मावेल एवढं गाठोडं, गोधडीत गुंडाळलेलं, दोन्ही हातांनी पोटाशी धरलेलं. आत नातवाचा कॉम्प्युटर होता. सबंध रस्ता खड्ड्यांचा, धक्का लागू नये म्हणून त्यांनी तो मांडीवर घेऊन आणला होता.

"बाई, परवापस्नं बोलंना झालाय," त्या म्हणाल्या. "पोरानं तोंड पाडलंय. जगंल का गं?"

ज्योत्स्नानं गोधडी सोडली, डब्यावर कान टेकवला, हलकेच हलवून पाहिला. तिचे डोळे लकाकले.

"मावशी, चहा घ्या आधी," ती म्हणाली. "बघू या आत काय गंमत आहे ती."