बाबांचे ट्रक आणि माझं लिनक्स

बाबा गाडी चालवत होते आणि अचानक रस्ताच नाहीसा झाला.

म्हणजे पडद्यावरचा. लालबागच्या आमच्या घरात खिडकीला लागून टेबल आहे, टेबलाला कसलेलं स्टेअरिंग, खाली पेडल. संध्याकाळी पाच वाजले की बाबा तिथे बसतात. त्या दिवशी ते घाटातून ट्रक उतरवत होते आणि मध्येच एक पाटी आडवी आली: तुमच्या विंडोजची मुदत संपली आहे, नवीन संगणक घेण्याचा विचार करा. बाबांनी ब्रेक दाबला. पाटी हटवेपर्यंत ट्रक दरीत गेला होता. बाबांचा डावा हात मांडीवर पडला होता. तोच हात, जो एवढ्या महिन्यांच्या खटपटीनंतर कुठे स्टेअरिंगपर्यंत पोचायला लागला होता.

बाबांनी जन्मभर बस चालवली. निवृत्तीनंतर अर्धांगाचा झटका आला आणि ते भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागले. भरवलं तर जेवायचे, नाहीतर तेही नाही. परळला त्यांच्याकडून व्यायाम करून घेणाऱ्या बाई आहेत, त्या म्हणाल्या, "यांच्या हाताला ओळखीचं काहीतरी द्या." मी घासाघीस करून एक वापरलेलं स्टेअरिंग आणलं आणि ट्रकचा गेम घेतला. त्या गेममध्ये आधी दुसऱ्याचा ट्रक चालवायचा, भाडं साठवून स्वतःचा घ्यायचा, मग आणखी घ्यायचे, त्यावर ड्रायव्हर ठेवायचे. एका रात्री जेवताना बाबा आपणहून बोलले.

"आज एक ड्रायवर ठेवलंय."

बायकोच्या हातातला डाव तसाच राहिला. जन्मभर दुसऱ्याची गाडी चालवलेला माणूस मालक झाला होता. मी स्वतः हिंदमाताच्या फुटपाथवर ब्लाउजपीस विकत विकत साडीच्या गाळ्यापर्यंत आलो. त्या वाक्याची किंमत मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी संगणकवाल्याकडे गेलो. हे यंत्र त्याच्याचकडून घेतलं होतं. तीनदा दुकानाची पायरी उतरून, तीनदा त्याने परत बोलावल्यावर.

"शेठ, ह्याच्यावर नवीन विंडोज बसत नाही. भंगारात काढा. दुसरं घ्या, मी सगळं लावून देतो."

"घेताना तूच म्हणालास ना, दहा वर्षं बघायला नको?"

"तेव्हाची गोष्ट वेगळी होती."

"अरे, माझ्या साडीचा रंग गेला तर बाई आणून माझ्या तोंडावर फेकते. मी तिला सांगतो का, तेव्हाची गोष्ट वेगळी होती?"

गल्ली जमा झाली. मी आणखी बरंच बोललो, ते इथे लिहिण्यासारखं नाही. यंत्र धडधाकट असताना त्याला भंगार म्हणायचं, हे मी अजून विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही.

माझी भाची अँटॉप हिलला राहते, कॉम्प्युटरमध्येच नोकरीला आहे. तिला फोन केला.

"मामा, ओरडून झालं का? मग लिनक्स टाक. विंडोजच्या जागी चालतं, फुकट आहे."

"फुकट म्हणजे पुढे कुठेतरी कापणार."

"कोणी कापत नाही. पण लिनक्स एक नसतं, ढिगाने आहेत. काही गेम त्यावर सरळ चालतात, काहींना मध्ये दुभाषा लागतो, काही चालतच नाहीत. आजोबांचा चालतो, मी बघितलंय. तू फक्त तुझ्या यंत्राला कुठलं मानवतं ते शोध. पेनड्राइव्हवरून नुसतं चालवून बघता येतं. पसंत पडलं तरच बसव."

हे मला पटलं. आमच्या धंद्यात गिऱ्हाईक गादीवर बसतं आणि आम्ही साड्या उलगडतो. दहा उलगडल्या तरी एक घ्यायची सक्ती नसते. तिने सुचवलेली तीन लिनक्स मी तशीच उलगडली. पहिलं दिसायला जरीकाठी होतं, पण माझ्या ग्राफिक कार्डाशी त्याचं जमेना; चित्र फाटून येत होतं. दुसऱ्याचं चित्र सुरेख, पण बाबांचं स्टेअरिंग त्याला ओळखता येईना. नावं सांगत नाही. माझ्याकडे चाललं नाही म्हणजे माल खोटा असं होत नाही. तिसरं मिंट. साधं, रोज घरात नेसायच्या साडीसारखं. मी चाक फिरवलं तशी स्टेअरिंग तपासायच्या पानावरची पट्टी सरकली. ब्रेक दाबला, दुसरी पट्टी सरकली. पट्ट्या हलल्या एवढ्यावर मी समाधान मानलं.

"हेच घेतो," मी भाचीला सांगितलं.

"घे. पण बसवताना पहिलाच पर्याय निवड, मामा. विंडोज राहू दे शेजारी."

"आणि गेम?"

"अकाउंटवर आहे. परत उतरवता येईल."

दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी बायको बाबांना घेऊन परळला गेली आणि मी बसवायला घेतलं. भाषा, घड्याळ, कीबोर्ड विचारून झाल्यावर एक पान आलं. वर पहिला पर्याय: विंडोजच्या शेजारी बसवा. त्यावर खूण आधीच केलेली. खाली दुसरा: डिस्क पुसून बसवा.

समोरच्याने आधीच खूण करून ठेवलेला भाव मी आयुष्यात घेतलेला नाही. पहिला भाव विकणाऱ्याच्या सोयीचा असतो, हे मी फुटपाथवर शिकलो आणि त्यावरच गाळा घेतला. शिवाय त्या संगणकवाल्याने भरून दिलेलं विंडोज माझ्या घरात भाडेकरूसारखं कशाला राहू देऊ? मी दुसरा पर्याय दाबला. खाली लाल अक्षरात काहीतरी सगळं जाईल म्हणून लिहिलं होतं. सुरतेचे व्यापारी मला असंच घाबरवतात. मग त्याने पुन्हा विचारलं, खरंच पुढे जायचं? पुन्हा विचारतो म्हणजे घाबरला, असं समजून मी दाबलं.

पट्टी सरकायला लागली. मी खुशीत भाचीला फोन लावला.

"पहिलाच घेतलास ना?"

"दुसरा. विंडोज कायमचं घालवलं."

ती म्हणाली, "बरं. गेम उतरेल परत. आजोबांच्या गाड्या क्लाउडवर, म्हणजे गेमवाल्यांच्या संगणकावर, असतीलच. ते चालू होतं ना?"

मला आठवलं. गेम पहिल्यांदा घातला तेव्हा त्याने विचारलं होतं, तुमची नोंद आमच्याकडे सांभाळून ठेवू का? आज सांभाळणार आणि उद्या भाडं लावणार, म्हणून मी ते बंद केलं होतं.

"बंद होतं," मी म्हणालो. "थांबवू का आता? बटण बंद करू?"

"आता बंद करून काय होणार, मामा?"

तरी माझा हात बटणावर होता. धंद्यात मी बुडीत माल बघितला आहे, आगीत गेलेला गठ्ठा बघितला आहे, पण ते नुकसान भरून काढता आलं होतं. मला पट्टी दिसतच नव्हती. भिंत दिसत होती, आणि तिच्याकडे तोंड केलेली बाबांची पाठ. एवढ्या महिन्यांत जो माणूस भिंतीकडून वळून आमच्याकडे आला, तो परत तिकडे वळला तर त्याला आणायला माझ्याकडे दुसरं काहीही नव्हतं. आणि इथे घासाघीस करायला समोर कोणी माणूसही नव्हता.

लिनक्स बसलं. एकही अडचण न येता बसलं, याचाही मला राग आला. गेम उतरवला, सुरू केला. त्याने विचारलं: नवीन ड्रायव्हरचं नाव?

बायकोचा फोन आला. "टॅक्सीत बसलोय. बाबा विचारतायत, पाच वाजले का."

मी बाबांचं नाव भरलं. अक्षरं दोनदा चुकली.

बाबा आले, काठी टेकून सरळ खुर्चीत बसले. काय बोलायचं ते मी ठरवून ठेवलं होतं. त्याऐवजी मी त्यांची खुर्ची पुढे सरकवली. पडद्यावर दुसऱ्या कोणाचा तरी लाल ट्रक उभा होता. बाबा पडद्याकडे वाकले.

"गाडी बदलली?"

"हो, बाबा."

ते मागे वळले नाहीत. मी त्यांच्या पाठीकडे बघत होतो आणि ती कुठल्या बाजूला वळते याची वाट बघत होतो. मग त्यांनी हॉर्न वाजवून बघितला. दिवे लावले, विझवले. वायपर फिरवला. डेपोत रोज वेगळी बस मिळायची, तेव्हा निघायच्या आधी हे सगळं तपासायचं. लहानपणी मी त्यांना डबा द्यायला जायचो तेव्हा पाहिलेलं आहे. डावा हात हळूहळू वर आला आणि चाकावर बसला. ट्रक निघाला आणि पहिल्याच वळणावर कठड्याला लागला.

"ब्रेक लागणा नाय," बाबा म्हणाले.

पेडलची सेटिंगही पुसली गेली होती. "उद्या भाचीला विचारून करतो."

"उद्या नाय. आताच."

मी टेबलाखाली शिरलो. पेडल दाबून धरलं आणि बायकोला पडद्यावरची पट्टी वाचून दाखवायला सांगितली. बायको सांगत होती, अजून थोडं, अजून थोडं. मी पेडल दाबत गेलो आणि पट्टी सरकत गेली.

आता क्लाउड चालू आहे. बाबांनी भाड्याच्या फेऱ्या मारून परत एक ट्रक घेतला आहे. जुन्या गाड्या आणि तो ठेवलेला ड्रायव्हर, त्यांचं काय झालं, हे त्यांनी अजून विचारलेलं नाही. पाच वाजता ते खुर्चीत बसतात, तेव्हा मी गाळ्यावर असलो तरी घरी फोन करतो. बायको फोन उचलून आधी तेवढंच सांगते, "नाही विचारलं."