नट दुसऱ्यांदा कसणारे भाऊ

"टोपी ठेवून जा जी. गाडी फिरवून आना, मंग देतो."

गोंदियाच्या बालाघाट रोडवर भाऊंचं टायरचं दुकान होतं, आणि ज्याच्या गाडीला अल्युमिनियमची चाकं असतील त्याला हे वाक्य ऐकावंच लागे. चाकाच्या मधोमध एक वाटोळी प्लास्टिकची टोपी असते, तुम्ही पाहिली असेल. भाऊ चारही चाकं बसवून देत, पण एका चाकाची टोपी स्वतःकडे ठेवून घेत. गाडी ऐंशी-शंभर किलोमीटर चालवून परत आणायची, भाऊ सगळे नट दुसऱ्यांदा कसणार आणि मगच टोपी लावून देणार, असा कायदा होता. दुकानाच्या भिंतीवर खिळ्यांना अशा पाच-सहा टोप्या कायम लटकलेल्या असत.

मी १९९९ साली कॉलेजात भूगोल शिकवायला गोंदियात आलो आणि दुकानासमोरच्या घरात भाड्यानं राहिलो. तेव्हा अशी चाकं गावात दुर्मीळच होती. पुढे हळूहळू हौशी लोक आपल्या गाड्यांना चकचकीत चाकं लावून घेऊ लागले, आणि २००६ मध्ये मीही एक जुनी गाडी घेतली, तर तिला नेमकी तीच चाकं निघाली. पहिल्याच दिवशी टायर बदलायला नेली आणि माझी टोपी खिळ्यावर गेली. मी चिडलो. मास्तर माणूस, कोणी आपल्याकडून काही ठेवून घेतं म्हणजे काय!

"काऊन जी गुरुजी, रागावले?" भाऊ शांतपणे म्हणाले. "लोखंडाचं चाक एकदा कसलं का झालं. हे नरम असते. नवी सून घरात बसाले टाइम घेते का नाई? तसंच हे. दोन दिवस चाललं का नट आपली जागा करते अन् ढिला होते."

"मग आत्ताच जास्त जोर लावून कसा ना."

भाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं की माझे नापास विद्यार्थी आठवले. "जास्त कसलं तं चाक दबते, बोल्ट तानते. मंग कवा तुटन, सांगता येत नाई. कमी नाई, जास्त नाई. बस म्हनजे बस."

हे 'बस' ते कसं म्हणत, ते सांगतो. चाक लावायच्या आधी ते मागची जागा तारेच्या ब्रशनं घासून कोरडी करत. नट हातानं फिरवून घेत, गाडी जॅकवरून खाली उतरवत आणि मग पाना लावून एक नट झाला की त्याच्या शेजारचा सोडून पलीकडचा, असे कसत जात. प्रत्येक नटाच्या शेवटी डोळे मिटत, मान किंचित तिरपी करत आणि हळूच म्हणत, "बस." देवळात एखादा म्हातारा नुसतं नाव घेतो तसं. मला आधी हे ढोंग वाटायचं.

एकदा नागपूरहून अवजारं विकणारा एक साहेब आला. त्याच्याकडे जोर मोजायचा पाना होता, त्यावर घड्याळासारखी तबकडी. "अंदाजानं कसणं आता बंद करा," असं तो नाक्यावरच्या सगळ्या मिस्त्र्यांना सांगत फिरत होता. मी खोडी काढली. म्हटलं, साहेब, तबकडीवर रुमाल टाका आणि भाऊंना याच पान्यानं कसू द्या. माझीच गाडी पुढे केली. भाऊंनी एक नट सैल करून पुन्हा कसला, डोळे मिटले, "बस" म्हणाले. रुमाल उचलला. काटा गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या आकड्यावर उभा. साहेब हसला, म्हणाला, नशीब. मग दुसरा नट, तिसरा, दहावा. चार चाकांचे वीस नट झाले तरी काटा त्याच रेघेच्या आसपास. साहेबानं पाना पेटीत ठेवला आणि जाताना भाऊंना वाकून नमस्कार केला. भाऊ ओशाळले. "हात सांगते जी, मी काय करतो," एवढंच म्हणाले.

त्या दिवसापासून मी भाऊंची थट्टा करणं सोडलं. खरं सांगतो, मला त्या हाताची भीतीच वाटू लागली. मोठ्या माणसांसमोर वाटते ना, तशी.

नाक्यावरचे लोक मात्र तर्क लढवायचे. कोणी म्हणे, भाऊंचा भाऊ गाडीखाली गेला, म्हणून हे असे. कोणी म्हणे, मुलगा. मीही ते खरं धरून चाललो होतो.

२०११ च्या हिवाळ्यात चिचगडचा एक तरुण पांढरी गाडी घेऊन आला. बायको गोंदियाच्या दवाखान्यात बाळंत झाली होती आणि त्या दिवशी सुट्टी मिळणार होती. लेकरू घरी न्यायचं म्हणून या पठ्ठ्यानं पाळणा घ्यायचं सोडून नवी अल्युमिनियमची चाकं घेतली होती! भाऊंनी ती बसवली, टोपी ठेवून घेतली, आणि तो आनंदात दवाखान्याकडे गेला.

दुपारी मी कॉलेजातून आलो तर भाऊ दुकानात जमिनीवर बसलेले. पुढ्यात फुटलेला कप, सांडलेला चहा. ते आपल्या उजव्या हाताकडे बघत होते.

"गुरुजी, गाडी काढा."

"काय झालं?"

"कप सुटला हातातून. सुटला ते समजलंच नाई." मग म्हणाले, "सकाऊन त्या पोराचं मागचं डावं चाक कसलं. 'बस' म्या म्हटलं, गुरुजी. हातानं म्हटलं नाई. आता ध्यानात येऊन राहिलं."

फोन करू म्हटलं, तर नंबर नव्हता. भाऊंनी जन्मात कोणाचा नंबर घेतला नव्हता. टोपी आपल्याकडे आहे म्हणजे माणूस परत येणारच, मग नंबर कायले? इतक्या वर्षांच्या कडक कायद्यात हे एवढं भोक राहिलं होतं. माणसानं भाऊंकडे यायची सोय होती, भाऊंनी माणसाकडे जायची नव्हती. दवाखान्यात विचारलं तर ते लोक तासाभरापूर्वीच निघाले होते. बाळंतीण, तिची आई आणि पाच दिवसांचं लेकरू.

आम्ही आमगाववरून देवरीकडे निघालो. भाऊ डाव्या हातात ती टोपी धरून बसले होते. दर चौकात काच खाली करून विचारत, "पांढरी गाडी गेली काय जी? नवे चाकं, एकाले टोपी नाई?" आमगावात पानठेलेवाला म्हणाला, गेली. देवरीत एक ऑटोवाला म्हणाला, "अभी गई, चिचगड साइड." रस्त्याच्या कडेला कुठे गर्दी दिसली की मी गाडी हळू करी. भाऊ गर्दीकडे बघत नव्हते, रस्त्याकडे बघत होते. सुटलेलं चाक दिसतं का ते.

देवरीच्या पुढे, जंगल लागल्यावर, मोहाच्या झाडाखाली ती गाडी उभी दिसली. चारही चाकांवर. लेकरू रडायला लागलं म्हणून आई त्याला पाजायला थांबली होती. मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. रडू आलं, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

"क्या भाऊ, इतनी दूर?" तो तरुण हसत पुढे आला. "गाडी थोडी थरथरून राहिली होती. म्या म्हटलं रोडच खराब आहे."

भाऊ पाना घेऊन खाली उतरले. मागच्या डाव्या चाकापाशी बसले. पाचांपैकी दोन नट त्यांनी नुसत्या बोटांनी फिरवले. तरुणाचं हसू गेलं. भाऊंनी पाना लावला, पण उजव्या मुठीतून तो घसरून खाली पडला. उचलला, पुन्हा पडला. तेव्हा त्यांनी तो माझ्यापुढे धरला.

"तुमी कसा."

"मला कुठे येतं, भाऊ?"

"मी आहो ना जी."

मी पाना धरला. भाऊंनी आपला डावा तळवा माझ्या मनगटावर ठेवला आणि डोळे मिटले. "अजून... अजून... जोर नोका करू... अजून. बस." वीस नट आम्ही तसे कसले. माझ्या मनगटातून त्यांना काय कळत होतं, देव जाणे. पण दहाव्या-बाराव्या नटाला त्यांचं 'बस' येण्याच्या जरासं आधी माझाच हात थांबला. त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. आयुष्यात मला पुष्कळ शाल-नारळ मिळाले, पण तसं कोणी पाहिलं नाही.

मग त्यांनी टोपी चाकावर दाबून बसवली. बाळंतिणीच्या आईनं, काय घडलं हे धड न समजता, डब्यातला डिंकाचा लाडू आमच्या हातावर ठेवला.

परत येताना मी धीर करून विचारलं. "भाऊ, तुमच्या घरचं कोणी असं... अपघातात?"

"नाई जी. कोनीच नाई." ते खरोखर गोंधळले होते. "कोनी मरावं लागते काय, तवाच नट कसाचा?"

सगळा नाका इतकी वर्षं त्यांच्या घरातलं एक मरण शोधत होता.

डॉक्टर म्हणाले, लकव्याचा हलका झटका आहे, औषधानं हात बराच सुधारेल. सुधारलाही. पण भाऊंनी दुकान उघडलं नाही. भिंतीवरच्या टोप्या ज्याच्या त्याच्या घरी पोचवल्या, प्रत्येकाला दुसरा मिस्त्री सांगितला, आणि बोदलकसा तलावाजवळच्या आपल्या गावी निघून गेले. बराच सुधारलेला हात कोणालाही चालला असता. त्यांना चालला नाही.

दोन वर्षांनी नवे टायर टाकले तेव्हा मी त्यांना भेटायला गेलो. धानाच्या गोष्टी झाल्या, तलावातल्या माशांचं कालवण झालं. निघताना ते गाडीपर्यंत आले. दोन्ही हात पाठीमागे बांधून त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. प्रत्येक चाकापाशी वाकले, पाहिलं. हात मात्र पाठीमागून सोडले नाहीत.

"दुसऱ्यांदा कसले?"

"हो. इथे येताना शंभर किलोमीटर भरले, तेव्हा तिरोड्यात थांबून."

"कोनं कसले?"

"मी."

त्यांनी माझ्या उजव्या हाताकडे पाहिलं. पुढच्या उन्हाळ्यात ते गेल्याचं कळलं, आणि मला निरोपाचं काही आठवायला गेलं की तेवढंच आठवतं. त्यांनी मान किंचित तिरपी केली, रस्त्यातून बाजूला झाले आणि म्हणाले, "मंग जा."