अठराशेची लहर आणि तिसरा मजला

इंजिनिअरिंग संपवून वाघोलीचं हॉस्टेल सोडून मी शहरात खोली घेतली, तेव्हा पुण्यात मोबाइल नुकते साध्या माणसांच्या खिशात येऊ लागले होते. वर्गातले बहुतेक जण सॉफ्टवेअरमध्ये गेले. मला एका नव्या मोबाइल कंपनीत नोकरी लागली. मांडीवर लॅपटॉप घेऊन जीपमध्ये बसायचं आणि कुठल्या गल्लीत सिग्नल किती येतो ते मोजायचं, हे माझं काम. तिकडे अमरावतीला आई सगळ्यांना सांगायची, पोरगी दिवसभर गाडीतून हिंडते आणि त्याचाच पगार घेते.

एके दिवशी साहेबांनी माझ्यापुढे एक पत्र टाकलं. सदाशिव पेठेतल्या एका निवृत्त विज्ञान शिक्षकांचं. वळणदार अक्षरात लिहिलं होतं, "आपला फोन आमच्या घरात फक्त वेळ दाखवतो. त्या कामासाठी आमच्याकडे घड्याळ आहे."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये गेले. गॅलरीत सिग्नल बरा होता, बैठकीत जेमतेम, स्वयंपाकघरात शून्य.

"काय चाललंय?" सरांनी विचारलं.

"सर, मोजून राहिले."

"मोजते आहे, म्हणा. मोजून राहिले म्हणजे मुक्कामाला आल्यासारखं वाटतं."

काकू आतून हसल्या आणि माझ्यासाठी पोहे घेऊन आल्या. खरी अडचण त्यांचीच होती. मुलगी बंगळूरला, तिला सातवा लागलेला. घरात लँडलाइन होता, पण रस्ता खणला की तो महिना-महिना मुका व्हायचा. म्हणून मुलीनं मोबाइल घेऊन दिला. तो घरात लागेना, गॅलरीत मध्येच तुटे. मग रोज ठरलेल्या वेळी काकू दुखरे गुडघे घेऊन खाली गल्लीत उतरायच्या. मुलीला काय खावंसं वाटतं, हे अख्ख्या गल्लीला पाठ झालं होतं.

"शेजारच्यांचा दुसऱ्या कंपनीचा फोन त्यांच्या स्वयंपाकघरात खणखणतो," सर म्हणाले. "तुमच्याच लहरींना सोवळं आहे का?"

मी वहीत काढून दाखवलं. ती कंपनी आधी आली, तिला नऊशे मेगाहर्ट्झचा पट्टा मिळाला. आम्ही मागून आलो, आम्हाला अठराशेचा. आकडा मोठा तशी लहर आखूड, आणि लहर आखूड असली की भिंतीतून जाताना ती जास्त दमते. उपाय एकच, अँटेना जवळ आणायचा.

सरांचा चेहरा एकदम खुलला. "हे ग्राहकांना का सांगत नाही? समजेल असं आहे की!"

"तुम्ही कंपनी बदलली तरी चालेल, सर," मी खरं तेच सांगितलं.

"नंबर बदलेल. सगळ्या नातेवाइकांना पोस्टकार्डं टाकून झाली आहेत."

अँटेनासाठी सोयीची गच्ची समोरच्या इमारतीची होती, पण तिथल्या चेअरमननी आमच्या कंपनीला आधीच नकार दिला होता. त्या गृहस्थांशी सरांचं सहा वर्षं बोलणं नव्हतं. त्यांनी एकदा सरांच्या स्कूटरवर 'बेवारस' अशी चिठ्ठी चिकटवली होती.

"मग आता बोला," काकू म्हणाल्या. "जिन्यावरून मी उतरते, तुम्ही नाही."

रविवारी सकाळी समोरच्या इमारतीत सभा होती. मला घेऊन सर तिथे गेले, हातात टेपरेकॉर्डर.

"आपण इकडे कसे?" चेअरमननी विचारलं.

"शिकवायला," सर म्हणाले.

त्यांनी शेजारच्या खोलीत तबल्याची कॅसेट लावली, दार ओढून घेतलं आणि सभेला विचारलं, "काय ऐकू येतंय?"

"डग्गा," कोणीतरी म्हणालं. "नुसतं घुमतंय."

"आणि तबला?"

तबल्याचे बोल कोणालाच नीट ऐकू येत नव्हते.

"खर्जातला आवाज भिंत ओलांडतो, चढा अडतो. या मुलीच्या कंपनीचा फोन चढ्या पट्टीत बोलतो. तो ऐकायचा तर त्याचा अँटेना जवळ, तुमच्या गच्चीवर बसवायला हवा."

सभेत एकदम गलका झाला. निम्म्या लोकांकडे आमचेच फोन होते आणि आपला हँडसेट खराब आहे असं समजून दोघांनी तो बदलूनही आणला होता. मग मला भराभर प्रश्न आले. मी घाबरत उत्तरं दिली, अडले तिथे सरांनी सांभाळून घेतलं. शेवटी चेअरमन म्हणाले, "आक्षेप नसेल तर मंजूर. आणि सर, त्या चिठ्ठीचं... चुकलंच माझं."

"अक्षर मात्र बरं होतं," सर म्हणाले आणि दोघंही हसले.

दीड महिन्यात अँटेना सुरू झाला. मी गल्लीत उभी राहून काकूंना फोन लावला. त्यांनी तो ओट्यापाशी उचलला. "अगं, कुकरची शिट्टी ऐकू येते का?" त्यांनी विचारलं. स्पष्ट ऐकू आली. मला गल्लीतच टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

पुढे एका दुपारी ऑफिसात सरांचा फोन आला. तक्रार आहे, म्हणाले. साहेबांनी धास्तावून रिसीव्हर माझ्या हातात दिला.

"मी आजोबा झालो," सर म्हणाले. "नात झाली. पण फोन स्वयंपाकघरात वाजला, त्यामुळे मला दहा मिनिटं उशिरा कळलं. हिचं बोलणं संपेचना. याला तुमच्याकडे काही उपाय?"

"नाही, सर."

"वाटलंच. संध्याकाळी पेढे न्यायला या. समोरचे चेअरमनही येताहेत."