चाकाची आतली बाजू

सुदाम चव्हाण आमच्या शाळेत गणित शिकवतो. गाडी घेण्याआधी तर फारच चांगलं शिकवायचा. नंतर नंतर वर्तुळाचा परीघ सुरू केला की तो थेट स्वतःच्या गाडीच्या चाकावर जायचा, आणि तास संपेपर्यंत तिथंच थांबायचा. पोरांची काही तक्रार नव्हती. गणितापेक्षा ते बरं होतं.

साखऱ्याच्या पुढच्या तांड्यातला हा माणूस. शिकला, नोकरीला लागला, हिंगोलीत घर बांधलं. त्याची बायको शिला पोस्टात आहे. दोघांनी मिळून जुनी, कुणीतरी वापरलेली गाडी घेतली, तेव्हा तांड्यावर त्याच्या आईनं, बेबीबाईनं, देवीपुढं नारळ फोडला. मग फोन केला.

"एकदा गाडी तांड्यात आण लेका. मला पुढं बसवून आपल्या दारापोतर ने. एवढंच."

"आणतो की याडी. येत्या रविवारी."

त्यानंतर पुष्कळ रविवार आले. गाडी काही तांड्यात गेली नाही, कारण मधल्या काळात सुदामला चाकाची आतली बाजू दिसली होती.

झालं असं, की गाडीपुढं बांधलेलं लिंबू सुटून खाली पडलं आणि गडगडत आत गेलं. ते काढायला सुदाम पालथा झाला. गाडीला अलॉयची चाकं होती, बाहेरून अशी चकचकीत की त्यात बघून भांग पाडावा. आणि आत? आत काजळी. ब्रेकची भुकटी, डांबर, चिखल, मागच्या मालकाच्या काळापासून थरावर थर. लिंबू हातात घेऊन सुदाम बराच वेळ तसाच पडून राहिला. शिलाला वाटलं, चक्कर आली.

"शिला, आतून काळं आहे गं."

"आत कोण बघून राहिलं?"

"मी बघितलं ना!"

माणसाचं मन आतून स्वच्छ पाहिजे, असं संत सांगून गेले. चाकाचं सांगायचं राहिलं होतं, ते काम सुदामनं अंगावर घेतलं.

पहिल्यांदा त्यानं जुना टूथब्रश घेतला. ब्रशचे केस वाकले, सुदामच्या बोटांची सालं निघाली आणि चाक होतं तसंच राहिलं. मग त्यानं बाटली धुवायचा ब्रश आणला. तो आतपर्यंत पोचला खरा, पण त्याच्या मधोमध तार होती आणि तारेचं टोक उघडं होतं. चाकावर लांबलचक ओरखडा उठला. त्या दिवशी सुदाम जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी तो तातेरावांच्या हार्डवेअरच्या दुकानात गेला. तातेरावांचा एक मोठा गुण आहे. गिऱ्हाईक काहीही मागू दे, त्यांच्याकडं जे कधीचं पडून असतं, नेमकं तेच त्याला लागणारं निघतं.

"चाक आतून घासायचंय? मंग हाच पाहिजे, बराबर हाच," असं म्हणून त्यांनी तारेचा ब्रश पुढं केला. "खिडकीच्या गजाचा गंज झटक्यात निघतो."

"पण हे अलॉय आहे, तातेराव."

"गंज तो गंज. त्याला काय कळून राहिलं अलॉय का बिलॉय?"

गंज नव्हताच, त्यामुळं त्याला काही कळलं नाही. अलॉयला मात्र कळलं. मांजरानं बोचकारावं तसं ते चाक झालं. सुदाम तक्रार घेऊन गेला, तर तातेरावांनी त्याला ड्रिल मशीन आणि त्यावर लावायचा गोल ब्रश विकला. माणूस दुःखात असला की त्याला एकट्याला सोडू नये, हे त्यांना कळतं.

ड्रिलचा प्रयोग अंगणात झाला. त्याच अंगणात, दोन बाजांवर, शिलानं उडदाचे पापड वाळत घातले होते. सुदामनं चाकावर साबण मारला, ब्रश आत घातला आणि बटण दाबलं. चाक किती साफ झालं ते सांगता येत नाही. पण चाकातलं सगळं काळं पाणी कारंज्यासारखं उडालं आणि पापडांवर बसलं. शिलानं एकेक पापड उचलून बघितला. मग ती घरात गेली आणि आतून कडी लावली. ड्रिल त्याच दिवशी तातेरावांकडं परत गेलं. त्यांनी ते घेतलं नाही, हा भाग वेगळा.

आता सुदामनं विद्येचा आधार घेतला. मोबाइलवर देशोदेशीची माणसं आपापली चाकं आतून धुताना तो बघायला लागला. आणि स्टाफरूममध्ये, कुणी विचारलेलं नसताना, आम्हाला ज्ञान मिळायला लागलं. गाडी चालवून आल्यावर चाक तापलेलं असताना त्याला पाणी लावू नये. आधी औषध फवारून मळ भिजू द्यावा, पण आम्लाचं औषध नको, ते चमक खातं. ब्रशच्या दांड्याला कुठंही उघडा धातू नको. दांडा लवचीक पाहिजे, म्हणजे आऱ्यांमधून आत जातो आणि ब्रेकच्या मागून वळतो. तीन जाडीचे ब्रश पाहिजेत. आमच्यातल्या बहुतेकांकडं मोटरसायकली होत्या. आम्ही माना हलवायचो.

शेवटी कुरिअरनं ते ब्रश आले. लांब दांड्यावर मऊ लोकरीसारखी लव. सुदामनं एक गालाला लावून बघितला. ते मात्र खरंच कामाचे निघाले, खोटं कशाला बोला? चाकं आतून उजळली. सुदाम रोज संध्याकाळी शाळेतून आला की पोतं अंथरायचा, आडवा व्हायचा आणि चारही चाकांची सेवा करायचा. आणि इतकी स्वच्छ चाकं तांड्याच्या मुरमाच्या रस्त्यावर कशी घालायची? शक्यच नव्हतं. मुलाची गाडी बघायला बाप रतनसिंग शेवटी एसटीनं आला.

त्याच सुमारास मागच्या डाव्या चाकात एक गंमत सुरू झाली. सुदाम ते आतून पुसायचा, आणि दुसऱ्या दिवशी तिथं पुन्हा ओलसर, तेलकट काळं जमायचं. तीन चाकं कोरडी, हे एक ओलं. सुदामला राग आला असेल असं तुम्हाला वाटेल. छे! तो खूश झाला. बाकीची चाकं स्वच्छ होऊन बसली होती, त्यांच्यात काही राम उरला नव्हता. हे चाक झुंजायला तयार होतं.

"बापू, बघा ना, काहून येऊन राहिलं हे?"

रतनसिंग वाकला, बोट लावलं, वास घेतला. "घाम आला असंल गाडीला. रोज रोज आंघोळ घालून राहिला तू."

तातेराव म्हणाले, ग्रीस निघून राहिलं असेल, निघू द्या, आपोआप संपेल. स्टाफरूममध्ये विषय निघाला की आम्ही वह्या तपासायला घ्यायचो. सुदामनं सगळ्यांत जाड ब्रश त्या चाकाला राखून ठेवला.

मग सुदामच्या धाकट्या बहिणीची, निताची, सगाई ठरली. तांड्यावरच. सुदामनं आदल्या दिवशी एसटीच्या वेळा विचारायला सुरुवात केली, तेव्हा शिला शांतपणे म्हणाली, "तुमी एसटीनं या. चाकं उशाला घेऊन झोपा, सकाळी निघा. मी रिक्षा करून जाते, आन् याडीला सांगते की तिच्या पोराला बहिणीपरीस टायर जवळचं आहे."

गाडी निघाली.

सेनगाव मागं पडेपर्यंत ठीक होतं. मग सुदाम म्हणाला, "ब्रेक जरा खोल जाऊन राहिला."

"मंग थांबा, दाखवून घ्या कुणाला."

"काही न्हाई गं. बरेच दिवस चालवली न्हाई ना."

तांड्याच्या तोंडाशी उतार आहे. उताराखाली प्रेमदास राठोडचं खळं. त्या दिवशी प्रेमदासनं शिजवलेली हळद नुकतीच ओतली होती, कमरेइतका ढीग, अजून वाफाळणारा. सुदामनं उतारावर ब्रेक दाबला. पाय थेट तळाला टेकला. त्यानं दोनदा, चारदा दाबला. काही नाही.

"ब्रेक लागंना!" तो ओरडला. आवाज गणिताच्या मास्तरचा राहिला नव्हता.

शिलानं हँडब्रेक दोन्ही हातांनी वर ओढला. गाडी किंचाळली, आडवी झाली, एका बाभळीला चाटून दिव्याची काच फोडत खळ्यात शिरली आणि हळदीत रुतून बसली. सुदामचे हात स्टिअरिंगवरून सुटेनात. शिलानं त्याच्या खांद्याला धरून हलवलं. "अहो, लागलं का कुठं?" त्यानं मान हलवली, आणि तो रडायला लागला. हे मला शिलानंच सांगितलं, आणि सांगताना ती हसली नाही.

सगळा तांडा धावत आला. सगळ्यांत पुढं बेबीबाई. तिनं पोराला चाचपून बघितलं, सुनेला बघितलं, दोघांच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. मग प्रेमदासकडं वळून म्हणाली, "वरडू नको. गाडी आली ना तांड्यात!" आणि दार उघडून पुढच्या सीटवर जाऊन बसली. बराच वेळ बसली. बायकांनी येऊन बघितलं, पोरींनी फोटो काढले. गाडी जागची हलत नव्हती, पण तिची त्याला हरकत नव्हती.

संध्याकाळी सेनगावहून मेकॅनिक आला. त्यानं मागचं डावं चाक उतरवलं, आत डोकावला आणि कपाळाला हात लावला.

"सर, ब्रेकचं ऑइल गळून संपलं की! किती दिवसाचं गळून राहिलं हे. आतून ओलं दिसत नव्हतं का?"

उत्तर शिलानं दिलं.

"दिसत होतं ना. म्हणून तर रोज पुसत होते."

मेकॅनिक समजूतदार. पुन्हा चाकाकडं बघून तो एवढंच म्हणाला, की इतकं साफ चाक त्यानं नव्या गाडीचंही बघितलं नव्हतं.

प्रेमदासनं भांडण केलं नाही. त्यानं नवं पोतं आणून सुदामच्या हातात दिलं आणि ढिगाकडं बोट केलं. सगाईचा नवा शर्ट घातलेला सुदाम अंधार पडेपर्यंत हळद वेचत, काचा आणि खडे बाजूला काढत बसला. पाहुणे येता-जाता विचारत, की लग्न नेमकं कुणाचं आहे, एवढी हळद लागली ती.

आता गाडी शिला चालवते. क्लास लावून शिकली. सुट्टी असली की तांड्यावर जाते, सासूला पुढं बसवते आणि साखऱ्याच्या बाजारापर्यंत मुरमावरून धुरळा उडवत नेऊन आणते. सुदाम मागं बसतो. उतार आला की त्याचा उजवा पाय आपोआप पुढच्या सीटच्या पाठीवर दाबला जातो, आणि बेबीबाई न वळता म्हणते, "गप बस रे, सूनबाईला चालवू दे."