दोन टोकांची पंगत

समजा, तुमच्या हातात एक पुठ्ठा आहे. त्यावर चार टेबलं आखलेली आहेत, प्रत्येक टेबलाला सहा खुर्च्या. म्हणजे चोवीस. जेवणाच्या बैठका दोन : पहिली बारा वाजता, दुसरी एक वाजता. म्हणजे अठ्ठेचाळीस जागा. जेवणारे सत्तेचाळीस. तुम्ही म्हणाल, सोपं आहे, एक खुर्ची उरते. आता त्यात एक नवरा-बायको येतात आणि म्हणतात, आम्हाला टेबल वेगळं हवं, आमच्याजवळ कोणी बसायचं नाही. त्या टेबलाच्या चार खुर्च्या रिकाम्या राहिल्या. जागा उरल्या चव्वेचाळीस. तीन माणसं उपाशी. आणि तुम्ही समुद्रात आहात. बाहेर जाऊन दुसरीकडे जेवा, असं कोणाला सांगता येत नाही. करा बरं, बसवा सगळ्यांना.

बऱ्हाणपूरच्या लालबागच्या गिरधरला हे १९४९ च्या डिसेंबरात करावं लागलं, मुंबईहून मोंबासाला निघालेल्या जहाजावर. तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता.

गिरधरचे वडील वाढपी. बऱ्हाणपुरात लग्न असो, नाहीतर तिकडे डोईफोडिया गावात कोणाचं बारसं, पंगत वाढायला त्यांना बोलावणं यायचं. गिरधर लहानपणापासून त्यांच्यामागे वरणाची बादली घेऊन फिरला. वडिलांची शिस्त कडक होती. पानावर काय संपलं ते बघायचं, विचारायचं, वाढायचं. मात्र "उठा" म्हणायचं नाही. ते काम यजमानाचं. पंगतीतला मोठा माणूस उठला की बाकीचे उठतात. तोवर पोट भरलेला माणूसही वाळलेला हात घेऊन बसून राहतो.

गिरधर मुंबईला गेला, जहाजावर लागला. दोन वर्षं भांडी घासली, एक वर्ष वाढलं. मग टेबलं वाटणारा कारकून आजारी पडला आणि सेकंड क्लासच्या जेवणघराचा तक्ता या फेरीला गिरधरच्या हातात आला. त्याने वडिलांना पत्र टाकलं : 'मी आता वाढत नाही. मी लोकांना बसवतो.' वडिलांनी ते पत्र अर्ध्या लालबागला वाचून दाखवलं, असं जहाज सुटण्याआधीच उलट टपाली कळलं.

मोठ्या बटलरने मात्र पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं.

"बारा पन्नासला पहिली बैठक बाहेर. एकला दुसरी आत. एकही दिवस उशीर झाला तर तक्ता माझ्याकडे आणि बादली तुझ्याकडे. समझा?"

"समजलं, साहेब."

जेवण तीन तऱ्हेचं होतं : इंग्रजी, हिंदुस्थानी आणि शाकाहारी. पहिल्या दोन तऱ्हांना जागा भरपूर. शाकाहारी स्वयंपाकघराची खिडकी एका कोपऱ्यात उघडायची आणि तिच्यासमोर ती चारच टेबलं. मटणाच्या टेबलाशेजारी शाकाहाऱ्यांपैकी कोणी बसायला तयार नव्हतं. म्हणून सत्तेचाळीस माणसं आणि चार टेबलं.

वेगळं टेबल मागणारे गृहस्थ एका संस्थानाचे जुने कारभारी होते. संस्थान वर्षापूर्वी विलीन झालं होतं; कारभाऱ्यांचा फेटा अजून तसाच होता.

"आमच्या पंगतीला कोण बसणार हे तीस वर्षं आम्ही ठरवत होतो," ते म्हणाले. "आता तू ठरवणार?"

"मी नाही साहेब, खुर्च्या ठरवतात," गिरधर म्हणाला.

कारभारी हसले नाहीत. बाजूला त्यांची बायको उभी होती, ती मात्र पदराआड हसली.

त्याच संध्याकाळी तक्त्यावर नाव लावायला एक म्हातारी आली. मथुराबाई. वय चौऱ्याहत्तर, दात मोजून चार. मुलगा युगांडात कापसाच्या जिनिंग कारखान्यात मिस्त्री होता, त्याच्याकडे निघाली होती. सोबत पुतण्या रमेश.

"गाव?" गिरधरने विचारलं.

"असीरगडच्या खालचं. तुला काय माहीत बेटा कुठे आहे ते."

"माझं लालबाग आहे आजी."

"अरे देवा! कोणाचा रे तू? वाढप्या कडूचा तर नाही?" तिने त्याचा हातच धरला. "तुझ्या बापाने माझ्या पोरीच्या लग्नात वाढलंय. कढी वाढायला आला की माणूस नको म्हणायचंच विसरायचा."

त्या हाताने गिरधरचा हिशेब बदलला. रात्रीत त्याला युक्ती सुचली. टेबलं जमिनीला पक्की होती, पण एका रांगेत होती. मधल्या हातभर फटींवर त्याने फळ्या टाकल्या, वरून एकच लांब पांढरी चादर अंथरली. आता कोणाचं टेबल वेगळं नाही, कोणाचं खालचं नाही. एकच पंगत. एका टोकाला कारभारी, म्हणजे त्यांचा मान राहिला. दुसऱ्या टोकाला मथुराबाई, कारण वयाने तीच मोठी आणि शिवाय गावची. सकाळी त्याने कारभाऱ्यांना जागा दाखवली. त्यांनी चादरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं आणि मान हलवली. चोवीस आत, तेवीस दुसऱ्या बैठकीला. तक्ता बसला.

बारा वाजता घंटा झाली. सगळ्यांच्या ताटात सगळं पडेपर्यंत कोणी घास घेतला नाही. गिरधरने ते पाहिलं आणि त्याला बरंही वाटलं. ही पंगतीच्या रीतीची खूण होती, पण ती त्याला कळली नाही.

साडेबाराला बहुतेकांचं आटोपलं. बारा चाळीसला ताटं रिकामी होती आणि माणसं बसलेली होती. कोणी बोटं चाटत होतं, कोणी मिठाशी खेळत होतं. इकडे मथुराबाई वरणात पोळी कुस्करून शेंगदाण्याएवढा घास घेत होती.

बारा पन्नास. मोठा बटलर दाराशी येऊन उभा राहिला. घड्याळ काढून तळहातावर ठेवलं.

"काय रे?" सुरेश नावाचा वाढपी गिरधरच्या कानाशी लागला. "उठत का नाहीत ही माणसं? चिकटवलीस का?"

"आजींचं व्हायचंय."

"मग सांग ना आजीला!"

सांगणार कसं? तो मथुराबाईजवळ गेला, वाकला. "आजी, अजून काही आणू?"

"थोडा भात आण बेटा. जल्दी नाही ना काही?"

"नाही," गिरधर म्हणाला आणि स्वतःच्या जिभेवर चरफडला. वडिलांनी घातलेली सवय. त्याने भात आणला.

बारा सत्तावन्न. दाराबाहेर दुसऱ्या बैठकीची माणसं जमली. आत डोकावून कोणी विचारलं, "अहो, आत निजले की काय सगळे?" एक बाई कडेवरच्या पोराला थोपटत होती, ते पोर रडायला लागलं. बटलरच्या हातातलं घड्याळ तसंच.

एक वाजला. दुसरी घंटा झाली. पंगतीतल्या कोणी मान वर केली नाही.

गिरधरचे कान तापले. पत्र, लालबाग, वडिलांचा आवाज, सगळं एकदम डोक्यात आलं. म्हातारीला आता उठवायचंच, असं ठरवून तो वळला आणि तेवढ्यात त्याची नजर दुसऱ्या टोकाला गेली. कारभाऱ्यांच्या ताटात भाताची एक मूद होती. वीस मिनिटांपूर्वी होती तेवढीच. ते ती बोटाने डावीकडे सरकवत होते, मग उजवीकडे. खात नव्हते. त्यांची नजर मथुराबाईच्या हातावर होती.

त्याने वळून मथुराबाईकडे पाहिलं. आताच वाढलेला भात तसाच होता. तिने चार शितं उचलली, तोंडाशी नेली आणि पंगतीच्या त्या टोकाकडे पाहिलं.

तिचं कधीच झालं होतं. दोघांचंही.

गिरधर लगबगीने पुढे गेला आणि पंगतीच्या मधोमध उभा राहिला. हात जोडले. आयुष्यात पहिल्यांदाच तो पंगतीला उठवणार होता.

"मंडळी, जेवणं झाली असतील तर हातावर पाणी घालतो."

"माझ्यामागे काय लागलास?" मथुराबाई म्हणाली. "ते फेटेवाले साहेब जेवतात अजून. त्यांना ताटावर एकटं सोडून उठू?"

"मी?" कारभारी म्हणाले. "मी आईंसाठी थांबलोय! घासभर भात पुरवून पुरवून ठेवलाय."

"मग उठा ना तुम्ही."

"छे छे. आधी तुम्ही. वयाने मोठ्या."

"तुम्ही मानाने मोठे. उठा."

"आई, मान गेला. संस्थानाबरोबर गेला."

"मग वयाचं काय घेऊन बसलात? ते तर रोजच चाललंय."

पंगतीत खसखस पिकली, पण उठलं कोणी नाही. एक वाजून सहा मिनिटं. बटलर दारातून आत यायला निघाला.

"सुरेश, तांब्या आणि पाणी झेलायला गंज घे!" गिरधर ओरडला. "तू तिकडे, मी इकडे. मी मान हलवली की पाणी सोडायचं."

एकाच वेळी दोन टोकांना दोन हातांवर पाणी पडलं. मथुराबाई आणि कारभारी एकमेकांकडे पाहत एकदम उठले. खुर्च्यांचा खडखडाट झाला आणि दोन मिनिटांत पंगत मोकळी झाली.

एक वाजून नऊ मिनिटं.

"टेबलावर हात धुणं?" बटलर म्हणाला. "माझ्या डायनिंग सलूनमध्ये? ये क्या शादी का मंडप है?"

त्याच रात्री गिरधरने तक्ता पुन्हा आखला. पंगत तीच ठेवली, पण मथुराबाईला दुसऱ्या बैठकीला नेलं. पंगतीला टोक एकच ठेवलं. पुढचे आठ दिवस बारा पन्नासला खुर्च्या रिकाम्या होत. बटलर रोज घड्याळ बघे आणि खिशात टाकून निघून जाई. गिरधरला वाटू लागलं, विसरला असेल.

तो विसरला नव्हता. मोंबासाच्या धक्क्याला लागल्यावर त्याने हात पुढे केला. गिरधरने पुठ्ठा दिला. परतीच्या फेरीत त्याच्या हातात बादली होती.

उतरताना मथुराबाईने त्याला दराब्याचा, बऱ्हाणपुरी मिठाईचा, डबा दिला. तिला काही माहीत नव्हतं. "बापाला सांग," ती म्हणाली, "पोरगा तुझ्यासारखाच आहे. पोट भरेपर्यंत हटत नाही."

बापाला त्याने ते सांगितलं. बादलीचं सांगायला दोन वर्षं लागली.

तिसऱ्या वर्षी तो लालबागला परत आला आणि स्टेशनसमोर खाणावळ टाकली. चार टेबलं, सहा-सहा खुर्च्या. छप्पन साली बऱ्हाणपूरचा कारभार नागपूरहून भोपाळकडे गेला, तेव्हा कचेऱ्यांमधून कुठकुठची नवी माणसं जेवायला येऊ लागली. कोणी इंदूरकडचं, कोणी रिव्याकडचं. टेबलं त्याने जोडली नाहीत कधी. पण जेवणाऱ्याचं ताट रिकामं झालं की तो समोर येऊन बसतो. पुठ्ठ्यावर त्याने ती पंगत आठवणीने पुन्हा आखून ठेवली आहे. दोन्ही टोकांवर बोट ठेवतो आणि विचारतो :

"दोघांनाही मान मीच दिला होता. मला पाणी सुचलं नसतं, तर सांगा साहेब, यातलं आधी कोणी उठायला हवं होतं?"