सणाच्या दिवशी भट्टी कोण बघणार?

एकाच भट्टीपुढे उमेदीची वर्षं गेली की किस्से जमवावे लागत नाहीत, आपोआप साठतात. आणि सांगायला बसलं की मन जड होतं.

पन्नास-साठच्या दशकांत बंगळूरच्या एका सरकारी कारखान्यात पोलाद तापवायच्या भट्टीवर आम्ही तिघं होतो: तिथल्याच शिवाजीनगरचे रहीमचाचा, अँथनी आणि बेळगावहून आलेला मी. भट्टी विझवायची सोय नव्हती. थंड झाली की आतल्या विटा तडकायच्या. म्हणून आमचा रिवाज ठरला. ज्याचा सण तो घरी, बाकीचे दोघं त्याची पाळी वाटून घेणार. साहेबांना आम्ही विचारलं नाही, त्यांनीही हटकलं नाही.

*

पहिल्याच ईदेला माझी फजिती. कॅलेंडर बघून चाचांच्या पाळीला गेलो, तर चाचाही हजर! आदल्या संध्याकाळी चंद्र दिसलाच नव्हता. त्यांचा रोजा म्हणून मी डबा पिशवीत सारला. त्यांनी तो काढून माझ्यापुढे ठेवला. "खा रे देसाई. रोजा मेरा है, तेरा नै."

*

आयुधपूजेला भट्टीच्या दाराला घातलेला हार बघता बघता करपायचा. मला ते अशुभ वाटे. एका वर्षी अँथनीनं लेथवरची पितळेची वेटोळी गुंफून हार केला आणि मान तिरकी करून म्हणाला, "इदु सुडल्ला." हा जळणार नाही. हळदकुंकू मी वाहिलं.

*

माझी आई सोवळ्याची. दिवाळीचा फराळ दोघांना पाठवायची, पण रिकामे डबे परत घरात घेत नसे. मला लाज वाटायची. अँथनीच्या बायकोनं त्या डब्यांत मोगरा लावला आणि रोपं डब्यांसकट आईकडे पाठवली. ती आईनं ठेवून घेतली.

*

अँथनी अचानक गेला, ईदेच्या आदल्या दिवशी. दफन ईदेलाच होतं. चाचांचा सण, म्हणून पाळी माझी. भट्टी सोडता येईना. अँथनीला खांदा देता येणार नाही, या विचारानं मला रडू फुटलं.

दुपारी चाचा आत आले. नवी शेरवानी, डोळे लाल. चर्चमधून निघालेली पेटी त्यांनी वाट वाकडी करून कारखान्यावरून आणवली होती.

"गेटपर्यंत मैं लाया. आगे तू ले जा."

मी म्हणालो, "चाचा, आज तुमची ईद."

चाचांनी माझा चामडी ॲप्रन काढून घेतला, शेरवानीवर बांधला आणि भट्टीकडे तोंड केलं.